दहा जणींची भिशी, चार हजार मीटरवर

“तुमच्या देशात पासानाकू असतं का गं पोरी?” दोन्यांनी मला विचारलं, तेव्हा मला बोलिवियात येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. साल २०१२. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. भाषा पक्की व्हावी म्हणून सहा महिने एल आल्तो शहरात एका घरी भाड्याने राहायला गेले होते. घरमालकीण साठीच्या. बाजारात ब्लँकेटं विकायच्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला ‘दोन्या’ म्हणतात, म्हणून मीही दोन्याच म्हणायचे.

पासानाकू म्हणजे काय ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. दहा जणींनी जमायचं, प्रत्येकीने महिन्याला पाचशे बोलिवियानो काढायचे, चिठ्ठ्या टाकून नंबर ठरवायचे आणि ज्या महिन्यात जिचा नंबर, तिने सगळे पाच हजार उचलायचे. मला हसूच आलं. “असते की! आम्ही तिला भिशी म्हणतो. माझी आई लालबागला खानावळ चालवायची. पहिला मोठा कुकर तिने भिशी लागली तेव्हाच घेतला.” दोन्यांनी ‘भिशी’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातल्या सगळ्या ओळीला सांगितला.

तेव्हापासून मी तिथे आणखी दोनदा जाऊन आले, २०१८ आणि २०२५ च्या जानेवारीत. या तेरा वर्षांत त्या देशात पैसा धो धो आला आणि तसाच आटला. अर्थशास्त्राची पुस्तकं मी फारशी वाचलेली नाहीत. मला जे कळलं ते या दहा जणींच्या भिशीवरून कळलं.

आधी जागा समजून घेऊ. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने अँडीजची रांग सात देशांमधून जवळजवळ सात हजार किलोमीटर धावते. मध्यावर ती रुंदावते आणि तिच्या कुशीत एक उंच पठार आहे. एल आल्तो या पठाराच्या काठावर वसलंय. तिथला विमानतळच ४,०६१ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट उंच. पठार जिथे संपतं तिथे खाली कटोऱ्यासारखं खोरं आहे आणि त्यात ला पास शहर. त्या काठाला ‘सेहा’ म्हणतात, म्हणजे भुवई. आपल्याकडे उंचावरची थंड हवा खायला पैसेवाले जातात. तिथे नेमकं उलट आहे. जितकं खाली जावं तितकी ऊब जास्त, श्वास सोपा आणि जागा महाग. सगळ्यात श्रीमंत वस्ती खोऱ्याच्या तळाशी दक्षिणेला, आणि गरिबांना वरचं वारं.

दोन्या वर आल्या त्या १९८६ साली. नवरा कथिलाच्या सरकारी खाणीत होता. १९८५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने एका हुकुमाने अर्थव्यवस्थेची दिशाच बदलली, ऑक्टोबरात लंडनच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला, आणि सरकारी खाणींमधल्या वीस हजारांहून जास्त कामगारांना घरी पाठवलं गेलं. या कामगार कपातीला सरकारी नाव होतं ‘रेलोकालिसासिओन’, म्हणजे दुसरीकडे सोय लावणे. सोय कुणीच लावली नाही. माणसं बायकापोरांसह एल आल्तोच्या उघड्या माळावर आली आणि मातीच्या विटांची घरं बांधून राहिली.

एका संध्याकाळी हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. पुढे गिरणी पुन्हा धड चाललीच नाही आणि आम्ही गावाला परतलो. दोन टोकांचे दोन देश आणि एकाच दशकात तीच गोष्ट: बापाच्या हातातलं कसब एका सकाळी बिनकामाचं ठरलं आणि घर आईच्या हातावर आलं. दोन्यांनी ब्लँकेटं विकायला घेतली, माझ्या आईने गावात पुन्हा चूल मांडली. त्या संध्याकाळपासून मी त्यांची नुसती भाडेकरू राहिले नाही.

पैसा आला तो गॅसमधून. २००६ च्या जानेवारीत आयमारा या मूळ रहिवासी समाजात जन्मलेले एवो मोरालेस राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ मे रोजी त्यांनी नैसर्गिक वायूचा उद्योग सरकारी ताब्यात घेतला. जगात गॅसला भाव होता, ब्राझील आणि अर्जेंटिना गिऱ्हाईक होते. सरकारकडे आलेला पैसा खाली झिरपला: शाळेतल्या मुलांना वर्षाला दोनशे बोलिवियानो, म्हाताऱ्यांना पेन्शन, रस्ते, पगारवाढ. २००५ च्या सुमारास दर दहा माणसांत सहा गरीब होते. २०१८ पर्यंत ते चारांच्याही खाली आले.

दोन्यांच्या घरात हे कसं दिसलं? २०१२ मध्ये संडास अंगणात होता आणि पहाटे तिथलं पाणी गोठलेलं असायचं. २०१८ मध्ये वरचा मजला चढलेला होता, संडास घरात होता, नातू एल आल्तोच्या सरकारी विद्यापीठात शिकत होता. हा मजला तीन भिश्यांमधून चढला: एकीत विटा, दुसरीत सिमेंट-सळ्या, तिसरीत गवंड्याची मजुरी. बाहेरून गिलावा नव्हता आणि गच्चीवर सळ्या तशाच उभ्या होत्या. एल आल्तोत बहुतेक घरं अशीच लाल विटांची आणि सळ्या वर काढलेली असतात. पुढचा मजला कधी ना कधी चढणार, ही खात्री त्या सळ्यांत असते.

ज्यांच्याकडे जास्त पैसा आला त्यांनी गिलाव्यावर थांबणं सोडून दिलं. फ्रेदी मामानी नावाचे आयमारा वास्तुरचनाकार, जे गवंडीकामातून वर आले, त्यांनी हिरव्या-केशरी-जांभळ्या रंगांच्या इमारतींची एक शैलीच तिथे रुजवली. तळाला दुकानं, वर लग्नाचा झगमगता हॉल, त्यावर भाड्याची घरं आणि अगदी माथ्यावर मालकाचं घर. खालच्या शहरातले काही लोक नाकं मुरडतात. मला त्या इमारती फार आवडल्या. शतकानुशतकं ज्यांना मान खाली घालायला लावली त्यांनी कमावल्यावर फिकट रंग का निवडावा?

पण माझ्या मते या पैशाने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे रोपवे. २०१४ मध्ये पहिली लाल लाइन सुरू झाली, मग पिवळी, हिरवी, निळी अशा करत पाचेक वर्षांत दहा लाइन झाल्या, तीस किलोमीटरच्या वर. हा पर्यटकांचा पाळणा नाही, आपल्या लोकलसारखी रोजची वाहतूक आहे. २०१२ मध्ये मी सेहावरून मिनीबसने खाली जायचे. दारात लटकलेला पोरगा थांब्यांची नावं ओरडत असायचा आणि वळणांवर ट्रॅफिकमध्ये तास जायचा. लाल लाइन तेच अंतर दहा मिनिटांत उतरवते. तिकीट २०१८ मध्ये तीन बोलिवियानो होतं.

२०१८ मध्ये दोन्या मला मुद्दाम हिरव्या लाइनने दक्षिणेच्या त्या श्रीमंत वस्तीत घेऊन गेल्या. सोळाव्या वर्षी त्या तिथे एका घरी धुणीभांडी करायला होत्या आणि मागच्या दाराने आत जायच्या. केबिन त्या वस्तीवरून सरकायला लागली तशा त्या काचेला टेकल्या. ‘पोयेरा’ म्हणतात तो घेरदार घागरा सावरला, गोल टोपी मांडीवर घेतली. बंगल्यांच्या मागची अंगणं, पोहण्याचे तलाव, दोरीवरचे कपडे सगळं खाली दिसत होतं. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग एका छपराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ते. वरून इतकं लहान आहे होय!” आणि पाठीवरच्या ‘आग्वायो’ या रंगीत कापडाची गाठ सोडून त्यांनी उकडलेले बटाटे आणि चुन्यो काढले. चुन्यो म्हणजे रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो. बटाटा मूळचा याच डोंगरांमधला. आपल्याला तो पोर्तुगीजांमुळे मिळाला, नावही त्यांचंच.

हिरवी लाइन सुरू झाली त्या सुमारास, वरून आलेली कुटुंबं तिथल्या मॉलच्या हिरवळीवर बसून डबे खातात म्हणून समाजमाध्यमांवर फार घाण लिहिलं गेलं होतं. दोन्यांना ते माहीत होतं. त्यांनी हिरवळीवरच बैठक मारली.

काही जण या सगळ्या काळाला नुसता गॅसचा फुगा म्हणतात. मला ते मान्य नाही. घरातला संडास फुगा नसतो. नातवाची पदवीही नसते.

तरी वेगाने आलेल्या पैशाची दुसरी बाजू दोन्यांच्या भावाने पाहिली. तो उयुनीच्या मिठाच्या पठाराजवळ किनोआ पिकवतो. परदेशात किनोआ आरोग्याचं अन्न म्हणून गाजला, काही वर्षांत भाव तिप्पट झाला, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किनोआचं म्हणून जाहीर केलं. शहरात गेलेली पोरं परतली, ट्रॅक्टर आले. लामांची कुरणं नांगरली गेली, लामा गेले तसं खतही गेलं आणि मोकळी रेताड माती वाऱ्यावर उडायला लागली. मग पेरूने मोठ्या प्रमाणावर लागवड केली आणि २०१५ मध्ये भाव गडगडला. पोरं पुन्हा शहरात. भावाकडे ट्रॅक्टर उरला आणि त्याचं कर्ज. आता त्याच मिठाखालच्या लिथियमवर जगाचा डोळा आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी तो एक. भाऊ म्हणतो, ते काढायला पाणी किती लागणार, आधी त्याचं सांगा. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

इकडे गॅसचं उत्पादन २०१४ नंतर उतरत गेलं. नवे साठे पुरेसे शोधलेच नव्हते. २०११ पासून एका डॉलरला ६.९६ बोलिवियानो हा भाव सरकारने धरून ठेवला होता आणि पेट्रोल लिटरला ३.७४ वर. बहुतेक डिझेल आणि बरंचसं पेट्रोल मात्र बाहेरून जागतिक भावाने, डॉलर मोजून आणावं लागत होतं. २०१४ मध्ये देशाच्या गंगाजळीत पंधरा अब्ज डॉलर होते, २०२३ च्या अखेरीस दोन अब्जही राहिले नाहीत. २०२३ च्या सुरुवातीलाच बँकांत डॉलर मिळेनासा झाला.

ब्लँकेट विकणाऱ्या बाईचा डॉलरशी काय संबंध? ती ब्लँकेटं चीनमधून जहाजाने चिलीच्या इकिके बंदरात येतात, तिथून ट्रकने डोंगर चढून एल आल्तोत. व्यापाऱ्याला पैसे डॉलरमध्ये लागतात. बँकेत नसला की तो गल्लीत घ्यायचा, आणि मी २०२५ च्या जानेवारीत गेले तेव्हा गल्लीतला भाव सरकारी भावाच्या दीडपटीच्या पुढे होता. डिझेलसाठी ट्रक दिवसदिवस रांगेत. गुरुवारी शंभराला विकलेलं ब्लँकेट रविवारी त्याच शंभरात पुन्हा भरता येत नव्हतं. दोन्या गिऱ्हाइकाला ‘कासेरा’ म्हणतात, गिऱ्हाईकही त्यांना कासेराच म्हणतं. नेहमीच्या कासेराला खरेदीवर थोडं वर द्यायचं, ही ‘यापा’ची रीत आहे, आपल्या भाजीवालीच्या मूठभर कोथिंबिरीसारखी. त्या जानेवारीत यापा मागितली की बायका नजर वळवायच्या. इतक्या वर्षांत हे मी प्रथम पाहिलं.

२४ जानेवारीला ‘आलासितास’ची जत्रा भरते. वर्षभरात जे हवं त्याची चिमुकली प्रतिकृती भर दुपारी बारा वाजता विकत घ्यायची आणि धूप दाखवून घ्यायची. २०१८ मध्ये दोन्यांनी चिमुकल्या विटा आणि सिमेंटची पोती घेतली होती. या वेळी त्यांनी इवल्या डॉलरच्या नोटांची गड्डी घेतली आणि सोबत तांदळाचं, तेलाचं चिमुकलं सामान.

आणि भिशी? महागाईत भिशीचं गणित आतून मोडतं. पहिल्या महिन्यात जी पाच हजार उचलते तिला पन्नास ब्लँकेटं येतात, दहाव्या महिन्यातलीला पस्तीस. हप्ता दोघींचा सारखाच. चिठ्ठी काढताना पूर्वी नंबराचं कुणाला काही वाटत नसे, आता शेवटचा नंबर आला की चेहरा उतरायचा. १९८४-८५ मध्ये बोलिवियात वर्षभरात भाव दोनशेपटीच्या वर गेले होते. नोटांच्या जुड्या पिशव्यांतून न्यायचे. तेव्हा भिश्या सपासप बुडाल्या आणि सख्ख्या शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, असं दोन्या सांगतात. त्यांना त्याचंच भय होतं.

त्याच जानेवारीत एका रात्री दोन्यांच्या स्वयंपाकघरात दहा जणी जमल्या होत्या. मोडायची की ठेवायची यावर दोन तास बोलणं चाललं. त्यांतली तिशीतली एक म्हणाली, पैसा महिनाभर हातात ठेवायचाच कशाला? हप्ता लहान करू आणि आठवड्याला काढू. दहा आठवड्यांत पैसा फार वितळत नाही. दोन्यांनी पाटीवर हिशेब मांडला, पुसला, पुन्हा मांडला. मग शेवटचा नंबर स्वतःला घेतला आणि उरलेल्या नऊ चिठ्ठ्या त्यांच्या टोपीत टाकल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये रोद्रिगो पास राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबरात त्यांनी इंधनाचं अनुदान काढलं. पेट्रोल जवळजवळ दुप्पट झालं. मी काळजीने फोन केला. दोन्या म्हणाल्या, ब्लँकेटं कमी खपतात, गच्चीवरच्या सळ्यांना गंज चढलाय, नातवाला नोकरी नाही, तो मिनीबस चालवतो. मग मी भिशीचं विचारलं. दर रविवारी बाजार उठला की जमतात. दहा जणी, दहा आठवडे. अजून एकीचाही हप्ता चुकलेला नाही.