तगाई कोणाची? साष्टीच्या दाखल्यानें एक विचार

शेतीस सरकारनें द्यावयाच्या साह्याची चर्चा अलीकडे पुष्कळ चालते. परंतु तें साह्य नेमकें कोणाच्या पदरीं पडतें, हा प्रश्न आजचा नव्हे. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस त्याचा उलगडा आपल्या दप्तरांतूनच करतां येण्याजोगा आहे, म्हणून हें अल्प टिपण.

प्रथम शब्द पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शेतकऱ्यावर करावयाचे उपकार दोन सांगितले आहेत. धान्य, गुरें व पैका देणें हा अनुग्रह. कर सोडणें हा परिहार. अनुग्रह फुकट नव्हे, तो सवडीनें फेडावयाचा. तसेंच, जो जमीन कसत नाहीं त्याजकडून ती काढून दुसऱ्यास द्यावी, असेंही तेथें सांगितलें आहे. मराठी कागदांत अनुग्रहाच्या ठिकाणीं तगाई येते. हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ बळ देणें असा आहे. परिहाराचें काम कौल व इस्तावा यांनीं होई : पडीत जमीन उठविणारास आरंभीं हलका धारा, पुढें सालोसाल चढता.

आतां हें साह्य कोणास मिळालें, याचा एक दाखला मुंबईलगतच्या साष्टींतून घेऊं. मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून घेतलेलें हें बेट इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस बळकावलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडे कायम झालें. रान पडीत फार. तें लागवडीस यावें म्हणून कंपनी सरकारनें मुंबईच्या धनिकांस गांवेंच्या गांवें दिलीं. पवईची जमीन प्रथम डॉ. हेलेनस स्कॉट यांजकडे व पुढें १८२९ च्या सुमारास फ्रामजी कावसजी बानाजी यांजकडे गेली. फ्रामजींनीं पदरचा पैका घालून ऊंस, तुती इत्यादि पिकें करून पाहिलीं. गव्हर्नर माल्कम यांनीं त्यांच्या उद्योगाची प्रशंसा केली. तेव्हां घेणारानें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु सनद मालकाच्या नांवची. नांगर धरणारें कूळ आपला खंड मालकास भरी. सवलत सरकारांतून निघे ती मालकापर्यंत येई. तेथून कुळापर्यंत पोंचणें न पोंचणें मालकाच्या मर्जीवर राही.

साष्टींतील इस्टेटींची सारामाफी १९५१ च्या कायद्यानें संपली. ज्या पडीत जमिनी इस्टेटवाल्यांनीं लागवडीस आणल्या नव्हत्या, त्या सरकारजमा झाल्या. कौटिल्याचा नियम साष्टींत असा उशिरां लागू झाला!

तथापि मूळ प्रश्न मिटला नाहीं. २०१९ पासून केंद्र सरकार जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षास ६००० रुपये तीन हप्त्यांनीं देतें. महाराष्ट्र सरकारनें २०२३ मध्यें तेवढीच भर घातली. नियम जमीन नांवावर असण्याचा आहे. दुसऱ्याची जमीन खंडानें वा बटाईनें कसणारा त्यांत बसत नाहीं. सनदेच्या जागीं सातबारा आला, एवढाच फरक.

यावरून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. शिक्क्यामोर्तबाची सनद आपण जपून ठेवतों. तगाईची यादी, जामीनकतबा, कुळाची खंडाची पावती मात्र रद्दींत जाते. वस्तुतः साह्य खालपर्यंत पोंचलें कीं नाहीं, हें सांगणारे कागद तेच. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील जुन्या गांवठाणांतील घरें पडून इमारती उठत आहेत, आणि घरांबरोबर हे कागदही नाहींसे होत आहेत. असा कागद हातीं आल्यास तीन गोष्टी टिपून ठेवाव्या : रक्कम कोणाच्या नांवें पडली, जामीन कोण राहिला, आणि फेड कोणी केली. रक्कम कसणाऱ्या कुळाच्याच नांवें पडून फेडही त्यानेंच केली असेल तर तगाई कसणारास मिळाली असें बहुधा म्हणतां येईल. नांवें निरनिराळीं असल्यास शोध तेथून सुरू करावा.