पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोनिया

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा दाह, हे आपणांस ठाऊक असते. एकाएकी हुडहुडी भरून ताप येणे, बरगडीत कळ, गंजाच्या रंगाचा बेडका हे त्याचे नेहमीचे रूप. ते मुख्यत्वे न्यूमोकॉकस या जंतूचे काम, आणि त्यावर पेनिसिलिन बहुधा गुण देते. परंतु काही न्यूमोनिया या चाकोरीत बसत नाहीत. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. तरीही त्यांच्याविषयी वाचताना मला त्यांत वैद्यकाइतकाच इतिहास आढळला, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. त्यानंतर माणसे भराभर आजारी पडू लागली. एकूण २२१ जणांना बाधा झाली, ३४ दगावले. नेहमीचे जंतू सापडेनात. कोणी विषप्रयोगाची शंका घेतली, कोणी फ्ल्यूची. अखेर आधी दुर्लक्षिलेल्या काचपट्ट्या पुन्हा तपासताना जोसेफ मॅक्डेड यांना खरा जंतू गवसला आणि जानेवारी १९७७ मध्ये तो जाहीर झाला. त्याचे नाव पडले लीजिओनेला. तो पाण्यात वाढतो व तुषारांवाटे श्वासात शिरतो. एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही.

पेनिसिलिन येथे का हरते? ते जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते. लीजिओनेला तर आपल्याच भक्षक पेशींच्या आत दडून बसतो. तेथे ते पुरेसे पोचत नाही. मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जंतूला भित्तिकाच नसते. मग घाव घालायचा कशावर? त्याचा रोगी पुष्कळदा कोरडा खोकला घेऊन हिंडता-फिरता असतो. तिसरा जंतू पोपटासारख्या पक्ष्यांपासून येतो.

म्हणूनच निदानाची सुरुवात प्रश्नांनी होते. नुकताच प्रवास झाला का? हॉटेलात मुक्काम होता का? घरी पक्षी पाळला आहे का? खोकल्याबरोबर जुलाब होतात का, रोगी भ्रमिष्टासारखा बोलतो का, रक्तातील सोडियम घटले आहे का, ही लीजिओनेलाकडे बोट दाखवणारी चिन्हे होत. त्याच्या एका मुख्य प्रकाराची खूण लघवीच्या तपासणीत मिळते. मात्र ती न मिळाल्याने रोग नाही असे ठरत नाही.

उपचारांत अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधे पेशींच्या आत शिरून काम करतात. रोग गंभीर असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता पेनिसिलिनच्या कुळातील औषधाला अ‍ॅझिथ्रोमायसिनची जोड देतात, कारण विलंब जिवावर बेततो. आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूलाही तात्पुरते दबवते. खोकला क्षयाचा असेल तर थोडा उतार पडतो आणि खरे निदान लांबते. तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या आणणे धोक्याचे.

वाचकहो, डॉक्टरांनी ‘कुठे गेला होता, घरी काय पाळले आहे’ असे विचारले तर त्यास नसती चौकशी समजू नका. कधी कधी रोगाचा पत्ता त्या उत्तरातच असतो.