साथीची भीती की साथीचे भान?

फलटणपासून चीनमधले वूहान शहर चार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही जानेवारी २०२० मध्ये तिथल्या बातमीने आपल्याकडील कितीतरी घरांची झोप उडाली; कारण डॉक्टर होण्यासाठी गेलेली आपली मुले तिथे होती. २३ जानेवारीला वूहानची वाहतूक बंद झाली. मुले वसतिगृहात, आईवडील इकडे आणि मध्ये फक्त फोन!

१ आणि २ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांनी सहाशेहून अधिक भारतीयांना परत आणले. पण लगेच घरी कुठले जायला मिळणार? त्यांना दिल्लीच्या परिसरात चौदा दिवस वेगळे ठेवले.

चौदाच का? विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला ‘परिपाककाल’ म्हणतात. तेव्हाच्या करोना विषाणूचा हा काळ सरासरी पाच दिवसांचा होता. बहुतेक सर्वांना चौदा दिवसांच्या आत लक्षणे दिसत. म्हणजे ती शिक्षा नव्हती, ते गणित होते.

आता भीतीकडे वळू. कुत्रा अंगावर आला की मेंदू धोक्याची सूचना देतो, ॲड्रेनॅलीन रक्तात उतरते, छाती धडधडते आणि तुम्ही पळता. कुत्रा गेला की शरीर शांत होते. विषाणू मात्र दिसत नाही आणि तो गेला हेही कळत नाही. मग शरीर दिवसेंदिवस सज्जच राहते. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. हीच चिंता.

भीतीचा आणखी एक तोटा आहे. ती रोगाऐवजी रोग्याला शत्रू मानते. भारतातील पहिली करोना रुग्ण वूहानहून केरळात परतलेली एक विद्यार्थिनीच होती. ३० जानेवारीला तिचे निदान झाले आणि फेब्रुवारीत ती बरी होऊन घरी गेली. अशा मुलांना हवा असतो तो उपचार आणि धीर, बोट दाखवणे नव्हे.

मग भान म्हणजे काय? फलटणकरांना ते सांगायला नकोच. २०२० आणि २०२१ मध्ये ज्ञानेश्वर माउलींची पालखी गावात पायी आली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारी चुकली नाही, गर्दी टळली. २०२२ मध्ये दिंड्या पुन्हा चालू लागल्या.

करून पाहा : घड्याळ लावून एक मिनिट मनगटाची नाडी मोजा. मग पाच मिनिटे चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. नाडी पुन्हा मोजा. बहुतेकांचे ठोके कमी झालेले दिसतील, कारण संथ उच्छ्वासाच्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे जाणारी ‘व्हेगस’ ही चेता हृदयाची गती कमी करते. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा.

एवढ्याने चिंता हटली नाही, तर शिक्षकांशी बोला किंवा १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर फोन करा. उद्या शिक्षणासाठी तुम्हीही दूर जाल. पुन्हा एखादी साथ आली, तर बातमी ऐकताच स्वतःला दोन प्रश्न विचारा : हे कोणी तपासले आहे? आणि आज माझ्या हाती काय करण्यासारखे आहे?