खडकावरचे भाडेकरू

मैसूर-उटीच्या सहलीत कावेरीतल्या रंगनतिट्टू पक्षी अभयारण्याच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. संध्याकाळी वृंदावन गार्डनची कारंजी गाठायची असतात, श्रीरंगपट्टणचं रंगनाथस्वामीचं देऊळ आणि टिपूचा महाल उरकायचा असतो. मग मधल्या वेळात होडीतून एक फेरी मारून, ‘खूप बगळे पाहिले’ असं म्हणत मंडळी बसमध्ये परत. मीही पहिल्या खेपेला हेच केलं. दुसऱ्या खेपेला पक्ष्यांपेक्षा ते ज्यावर बसले होते त्या खडकांकडे बघत राहिलो, आणि जागा जरा उलगडली.

होडीवाल्यानं वल्हं थांबवलं ते अशाच एका खडकाशी. करड्या दगडावर तसलीच करडी, खवल्याखवल्यांची लांबट आकृती. जबडा सताड उघडा, शेपटीचं टोक पाण्यात. “मोसळे,” होडीवाला म्हणाला. कानडीत मगर. आमच्यातल्या एका काकांना तो वनखात्यानं ठेवलेला पुतळाच वाटला. त्यांनी तसं बोलून दाखवलं, तेवढ्यात पुतळ्यानं डोळ्यावरचा पारदर्शक पडदा एकदा सरकवला, आणि काकांनी होडीच्या कडेवरचा हात आत घेतला.

मगर जबडा वासते ते भीती घालायला नव्हे. तिच्या शरीरात आपल्यासारखी आतून उष्णता तयार करायची सोय फारशी नाही. रात्रभर पाण्यात थंडावलेलं अंग ती सकाळी तापल्या दगडावर शेकून घेते. अंग पुरेसं तापलं की तोंड उघडायचं. तोंडातला ओलावा उडून जातो आणि डोकं थंड राहतं. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबानं. तरीही फार तापलंच, तर शेपटी आहेच पाण्यात. खडक, ऊन आणि पाणी तिन्ही हाताशी हवीत, म्हणून मगरीला ही जागा मानवते. कर्नाटकातली गोड्या पाण्यातल्या मगरींची सर्वांत मोठी वस्ती इथलीच मानतात. अंडी मात्र ती दगडावर घालत नाही. काठच्या वाळूत, मातीत खड्डा करून त्यात घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या खड्ड्याच्या उबेवर ठरतं. साधारण साडेबत्तीस अंश सेल्सिअसला नर, दोन-तीन अंश कमी असेल तर माद्या.

हे दगड आपल्या ओळखीचे नाहीत. निघोजला कुकडी नदीत आपण रांजणखळगे बघतो तो काळा बेसॉल्ट, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. कावेरी इथे ज्यावरून वाहते तो पट्ट्यापट्ट्यांचा, ग्रॅनाइटच्या जातकुळीतला नाईस खडक. दक्षिण भारताचा हा पाया सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. त्याच्यापुढे आपला सह्याद्री म्हणजे काल जन्मलेलं पोर. या खडकाला भेगा पडतात, उन्हापावसानं त्याचे कोपरे झिजतात आणि गुळगुळीत, पाठ वर काढलेले धोंडे उरतात. कानडीत तिट्टू म्हणजे उंचवटा. रंगनाथाचे हे उंचवटे.

पण नुसत्या खडकानं अभयारण्य झालं नसतं. 1645 ते 1648 या काळात मैसूरचा राजा कंठीरव नरसराज वोडेयर यानं शेतीला पाणी देण्यासाठी कावेरीवर बंधारा घातला. पाणी फुगलं, संथ झालं, सखल भाग बुडाले आणि उंच होतं ते बेटं म्हणून उरलं. गाळ साठला, झाडं वाढली, आणि चारही बाजूंनी पाणी असलेली झाडं ही पाणपक्ष्यांची आवडती जागा. राजाच्या मनात भात होतं, वसले करकोचे. आपल्याकडे गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मधमेश्वरची गोष्ट फार वेगळी नाही. तिथंही बंधाऱ्यामागचा गाळ आणि उथळ पाणी पक्ष्यांच्या पथ्यावर पडलं, आणि ते 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. रंगनतिट्टूला 1940 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या आग्रहावरून मैसूर संस्थानानं संरक्षण दिलं. रामसरच्या यादीत नाव यायला 2022 उजाडलं. तेही कर्नाटकातलं पहिलंच.

बेटांवर राज्य अर्जुनाचं. पांढुरक्या सालीचे मोठमोठे पापुद्रे सोडणारं हे झाड मुळातच नदीकाठचं. खडकाच्या भेगेत मुळं घालून पुराचा मारा सोसतं. त्याचं फळ हातात घेऊन बघा: पाच पंखांचं, तंतुमय आणि हलकं. पाण्यात पडलं की तरंगत पुढच्या बेटापर्यंत जातं. सोबतीला बांबू, केवडा, काठानं लव्हाळे आणि बोरू. मागे कधीतरी निलगिरी आणि परदेशी बाभळीही लावल्या गेल्या. त्या नसत्या लावल्या तर बरं झालं असतं.

या झाडांवर मजल्यामजल्यांची वस्ती असते. वरच्या फांद्यांवर चित्रबलाक, ठिपक्यांचे झोळीवाले, चमचे. खाली पाणकावळे, शराटी, रातबगळे. एखादं झाड दिवसभर वटवाघळांनी लगडलेलं. आणि मधूनमधून मुग्धबलाक, ज्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. फार वर्षं लोकांना वाटायचं की अडकित्त्यासारखी ती गोगलगायीचा शंख फोडायला असेल. प्रत्यक्षात हा पक्षी खालच्या चोचीचं निमुळतं टोक शंखात सारतो, आतला स्नायू कापतो आणि मांस अलगद ओढून घेतो. शंख बहुधा शाबूत राहतो. पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, ती वाढत्या वयाबरोबर पडते.

आता मगर पुन्हा आठवा. पक्ष्यांनी तिच्या डोक्यावर घरटी बांधावीत याला वेडेपणा म्हणायचं का? अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत याचा अभ्यास झाला आहे. तिथले बगळे-करकोचे मगरीचे भाऊबंद ॲलिगेटर असलेलं पाणी मुद्दाम पसंत करतात, कारण पोहत येऊन झाडावर चढणारे अंडीचोर अशा पाण्यात उतरत नाहीत. अधूनमधून एखादं पिल्लू खाली पडतं, ते पहारेकऱ्याचं भाडं. रंगनतिट्टूतही उदमांजर आहे, मुंगूस आहे, माकडं आहेत, आणि मधल्या पाण्यात मगर आहे. हिशेब तोच असावा. 2013 मध्ये तर काही अभ्यासकांनी मांडलं की बगळे काटक्या गोळा करतात त्या दिवसांत मगरी मुद्दाम नाकाडावर काटक्या घेऊन पडून राहतात, आणि काटकी उचलायला आलेला बगळा पकडतात. निरीक्षणं चेन्नईजवळच्या मगर-उद्यानातली आणि अमेरिकेतल्या ॲलिगेटरांची होती. गोष्ट इतकी झकास आहे की खरी असावीशी वाटते. पण पुढे ॲलिगेटरांवर घेतलेल्या प्रयोगात तसा पुरावा मिळाला नाही, तेव्हा तूर्त ती गोष्ट म्हणूनच ऐकावी.

हजारो पक्ष्यांची विष्ठा झाडांखाली, खडकांवर आणि पाण्यात पडते. लांबून चुन्यानं रंगवल्यासारखे दिसणारे दगड ते हेच. तिच्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं, शेवाळ वाढतं, त्यावर बारीक जीव, त्यावर मासे, आणि मासे पुन्हा चोचीत. एखादं झाड मात्र या माऱ्यानं वठतं. फुकट खताचाही अतिरेक होतो.

गर्दी झाडांवर असली तरी माझ्या लेखी खरे खडकवासी दोन. पहिला मोठा करवानक. जाडजूड, किंचित वर वळलेली चोच, पिवळे बटबटीत डोळे. दिवसभर दगडावर दगडासारखा उभा राहतो. कामाची वेळ तिन्हीसांजेनंतरची. होडीतल्या बाराजणांपैकी दहाजणांना तो बोट दाखवूनही दिसला नाही. दुसरा नदी सुरय. हा घरटं बांधतच नाही. उघड्या वाळूत किंवा खडकाच्या खोलगटात अंडी घालतो, तीही ऐन उन्हाळ्यात, दगड पोळत असताना. म्हणून दिवसा सुरय अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतात.

फेरीच्या शेवटी एका सपाट दगडावर माशांच्या खवल्यांचा, उग्र वासाचा ढीग दिसला. पाणमांजरांचा शौचकट्टा. टोळीतले सगळे ठरावीक जागीच जातात, आणि कोण आलं होतं, कधी आलं होतं ही खबर त्या वासात असते. एका अर्थानं गावातला सूचनाफलकच. होडीवाला त्यांना ‘नीरुनायी’ म्हणाला, म्हणजे पाणकुत्रा. आपण मांजर म्हणतो, ते कुत्रा म्हणतात, आणि प्राणी दोन्ही नव्हे. त्याचं कूळ वेगळंच आहे.

या सगळ्यांचा घरमालक कोण? वरच्या अंगाला काही किलोमीटरवर कृष्णराजसागर धरण आहे. पूर्ण भरल्यावर पातळी 124.80 फूट. कोडगूत पाऊस कोसळला आणि दरवाजे उघडले की खालची छोटी बेटं पाण्याखाली जातात, मोठ्यांच्या कडा खचतात, होड्या बंद होतात. पावसाळ्यातला पूर नदीच्या सवयीतला आहे, पक्षी बऱ्याच अंशी तो धरून चालतात. सुरयचं दुखणं निराळं. तो उन्हाळ्यातल्या उतरलेल्या पाण्याच्या भरवशावर खडकावर अंडी घालतो, आणि कालव्यांसाठी नाहीतर पिण्यासाठी मध्येच पाणी सोडलं की वीतभर वाढलेली पातळीही त्याची अख्खी वीण बुडवायला पुरते. जागतिक लाल यादीत नदी सुरय आज ‘असुरक्षित’ गटात आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, पिल्लं तेव्हा घरट्यात असतात. दुर्बीण न्या. होडी खडकाच्या अगदी जवळ घ्यायचा आग्रह धरू नका. आणि सहल ठरवणाऱ्याला आधीच सांगा: वृंदावनची कारंजी थोडी उशिरा पाहिली तरी चालतील.