मोबाईल बिघडला तरी हप्ता थांबवू नका

ताईंनो, हप्त्यावर घेतलेला मोबाईल बिघडला की आपण म्हणतो, "दुकानदार दाद देत नाही, मग हप्ता कशाला भरू?" पण भांडण दुकानदाराशी असतं, कर्ज फायनान्स कंपनीचं असतं. हप्ता चुकला की नोंद सिबिलसारख्या संस्थेकडे जाते आणि पुढे बँकेचं कर्ज घेताना आडवी येऊ शकते. म्हणून हप्ता भरत राहा, पावत्या जपा, तक्रार लेखी द्या. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा.

सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बघा. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरोखर चुकलेला हप्ता मात्र तक्रारीने पुसला जात नाही.