धक्का कधी द्यायचा?

आजी-आजोबांबरोबर चालताना आपण आपोआप सावकाश चालू लागतो. त्यांची पावले लहान पडतात, थोडे अंतर गेले की ते कट्ट्यावर टेकतात. ‘गुडघे गेले आता,’ असे ते म्हणतात. पण गोष्ट केवळ गुडघ्यांची नसते.

वर्गातच एक पाऊल पुढे टाकून पाहू या. लक्ष मागच्या पायाकडे असू द्या. आधी टाच उचलली जाते, भार चवड्यावर येतो आणि पाय जमीन सोडण्यापूर्वी घोट्यातून एक रेटा बसतो. तो देतात पोटरीचे स्नायू आणि टाचेमागे हाताला लागणारी जाड कंडरा. शरीर पावलावरून पुढे सरकते तेव्हा ही कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि शेवटी झटकन आखडते. एक पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत सुमारे १ सेकंद जातो. त्यातला हा रेटा जेमतेम ०.२ सेकंदाचा.

वय वाढते तसा हा रेटा मंदावतो. मग खुब्याच्या स्नायूंना जास्त काम करावे लागते. परिणामी तेवढ्याच अंतरासाठी वृद्धांची ऊर्जा तरुणांपेक्षा अधिक खर्च होते. दमणूक होते म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून स्नायू आणखी दुबळे! हे चक्र तोडण्यासाठी पायांना बाहेरून मदत देता येईल का?

ही कल्पना जुनी आहे. रशियातील निकोलस यागन यांनी चालणे व धावणे सुलभ करणाऱ्या, पायांना बांधायच्या स्प्रिंगच्या साधनाचे अमेरिकन पेटंट १८९० मध्ये मिळवले होते. पण पायाला काहीही बांधले की त्याचे वजनही वाहावे लागते. दोन किलो वाळूची पिशवी कमरेला बांधून मैदानाला एक फेरी मारा. मग तीच वाळू दोन्ही घोट्यांवर वाटून बांधा आणि पुन्हा चाला. दुसऱ्या वेळी जास्त दम लागतो, कारण प्रत्येक पावलाला ते वजन पुढे फेकावे आणि थांबवावे लागते. म्हणून मदत ही या ओझ्यापेक्षा मोठी असायला हवी.

मोटरशिवाय हे साधायला २०१५ साल उजाडले. अमेरिकेतील स्टीव्हन कॉलिन्स, ग्रेगरी सॉविकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्यावर घालायचे एक हलके साधन बनवले. त्यात मोटर नाही, बॅटरी नाही; फक्त एक स्प्रिंग आणि तिला योग्य क्षणी पकडणारा व सोडणारा क्लच. निरोगी माणसांच्या चालण्याचा ऊर्जाखर्च त्यामुळे सुमारे ७ टक्के कमी झाला. गंमत म्हणजे, सर्वांत कडक स्प्रिंग लावल्यावर हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे जोर वाढवला की मदत वाढते असे नाही.

झोपाळ्याला धक्का देताना आपण हेच करतो. झोपाळा मागे येऊन परतू लागला की हलका धक्काही पुरतो. अवेळी दिलेला जोराचा धक्का त्याला अडवतो. मोटर असलेल्या साधनांपुढेही हाच प्रश्न असतो. होंडा कंपनीने जपानमध्ये २०१५ मध्ये भाड्याने देऊ केलेले, कमरेला व मांड्यांना बांधायचे साधन खुब्याचा कोन सतत मोजून पाय पुढे-मागे नेण्यास हातभार लावत असे. त्सुकुबा विद्यापीठातील योशियुकी सांकाई यांचे ‘हॅल’ त्वचेवर उमटणारे स्नायूंचे क्षीण विद्युत्संकेत ओळखते. माणूस पाय हलवू पाहतो हे त्याला त्यातूनच कळते.

इथे एक सावधगिरी हवी. यंत्राने सगळेच काम केले तर उरलेले स्नायूही सुस्तावतील. शिवाय चालण्याचे श्रम कमी होणे म्हणजे तोल सांभाळणे नव्हे. फरशीवर पाय घसरला तर काय, याचे उत्तर यातल्या स्प्रिंगकडे नाही. म्हणून घरातली ओली फरशी पुसणे, जिन्याला कठडा बसवणे आणि आजोबांना रोज चालायला सोबत देणे या गोष्टी उद्याही लागतीलच.

आज घरी गेल्यावर आजींच्या पावलांकडे पाहा. त्यांची टाच कधी उचलली जाते? आणि तुमची?