वारुळाचे महाजन

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत सातेरी या ग्रामदेवीच्या कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीला दुय्यम मान असतो. देवी म्हणून पुजले जाते ते वारूळ, तिथल्या बोलीत रोयण. वाळवीने उभारलेली ही माती वर्षागणिक वाढते. तिच्यावर चांदीचा मुखवटा चढवतात, तिला साडी नेसवतात आणि नवरात्रात महिषासुरमर्दिनी म्हणून तिची आरती करतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात वारुळाची सांगड भूमीच्या सर्जनक्षम गर्भाशी घातली. सातेरी आणि भूमिका या त्याच भूमातेच्या खुणा. पुढे अनेक ठिकाणी सातेरीची शांतादुर्गा झाली आणि शिव-विष्णूंचे भांडण मिटवणारी देवी म्हणून तिला पुराणात जागा मिळाली.

या प्रवासाची मांडणी सहसा जिन्याच्या पायऱ्यांसारखी केली जाते: आधी वारूळ, मग पाषाण, मग मूर्ती, शेवटी वेदमंत्र आणि संगमरवरी फरशी. या दोन तालुक्यांत ती टिकत नाही, कारण साऱ्या पायऱ्या एकाच देवळाच्या आवारात सापडतात. गाभाऱ्यात भटजी अभिषेक करत असतात आणि बाहेर गुरव किंवा घाडी गाऱ्हाणे घालतो. शेजारच्या घुमटीत बेताळाला चामड्याच्या वहाणा वाहिलेल्या असतात, कारण तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजवतो. गावच्या सीमेवरच्या देवचाराला ना मूर्ती ना छप्पर. त्याला रोट मिळतो, कधी विडी, कधी दारू.

हे टिकले याचे कारण राजकीय आहे. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींतली, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखातली, देवळे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडली आणि त्यांच्या जमिनी जप्त केल्या. फ्रान्सिस्कु पाइश याने १५९५ मध्ये तयार केलेले जमिनींचे दप्तर इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ मध्ये छापून काढले. मोडलेल्या देवळांच्या जमिनींच्या त्या नोंदींत सातेरी, रवळनाथ, बेताळ ही नावे पुन्हा पुन्हा येतात. ज्या देवांना मिशनऱ्यांनी सैतान ठरवले त्यांचा हिशेब महसूल खात्याने इमानेइतबारे ठेवला, हा इतिहासाचा विनोदच. डिचोली आणि पेडणे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे १७८८ मध्ये, पोर्तुगिजांकडे आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या काबिजादींतल्या लोकांना त्यांचे देव व रीतिरिवाज राखण्याची हमी मिळाली.

देव वाचले, त्यांच्याभोवतीची व्यवस्था मात्र १८८६ मध्ये बदलली. त्या वर्षी पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी माझानी कायदा केला आणि १९३३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. प्रत्येक देवस्थानाने आपली नियमावली लिहून सरकारी मंजुरी घ्यायची, दागिन्यांची आणि जमिनींची यादी द्यायची, अंदाजपत्रक मांडायचे, अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार निवडायचे. मुख्य म्हणजे महाजनांची, देवस्थानाच्या हक्कदार सभासदांची, यादी करायची. महाजनकी बापाकडून मुलाकडे जाणार. देवी, पण तिच्या मालकांत बायका नाहीत.

गोव्यातील धर्माच्या आधुनिकतेची सुरुवात खरे तर इथे होते. कुठल्याही सुधारकाच्या व्याख्यानाने झाला नाही एवढा फरक या नियमावलीने केला. तोपर्यंत गावाचे देवकार्य मानांत वाटलेले होते: तरंग, म्हणजे देवाची काठी, कोणी धरायचे, ढोल कोणी वाजवायचा, पहिला नारळ कोणाचा, होळीचे झाड कोणी तोडायचे. हे मान गावडे, गुरव, महार, देवळी, सुतार अशा घराण्यांकडे होते आणि त्यांची साक्ष लोकांच्या स्मरणात होती. कायद्याला स्मरण पुरत नाही. ज्यांना लिहिता येत होते, ज्यांची वंशावळ कागदावर होती, त्यांना महाजन होणे सोपे गेले. वारूळ ज्यांनी प्रथम पुजले असे गावकथा सांगतात, ते पुष्कळ ठिकाणी ‘सेवेकरी’ उरले. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ मध्ये मिळाला; महाजनांच्या यादीशी त्याचा काही संबंध नव्हता. मुक्तीनंतरही कायदा तोच राहिला, फक्त देखरेखीचे काम मामलेदाराकडे आले. आज महाजन आणि गावकरी यांचे मानावरून वाजते, देवळाला कुलूप लागते, आणि देवीने कधी बाहेर पडायचे हे मामलेदाराच्या हुकमावर ठरते.

कागदाच्या या कारभाराला पुरून उरणारा देव पेडण्यात आहे. कोजागिरीच्या रात्री, पेडण्याच्या पुनवेला, रवळनाथ आणि भूतनाथ यांची साड्यांनी सजवलेली तरंगे निघतात. भूतनाथाची मागणी जुनी आहे: आपले देऊळ एका रात्रीत बांधून पुरे करा. ते होत नाही, म्हणून तो रागावून रानाकडे पळतो. लोक त्याच्यामागे धावतात, विनवतात, बांधतो म्हणून शब्द देतात आणि त्याला परत आणतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. भुताखेतांनी झपाटलेली माणसे बरी व्हावीत म्हणून याच रात्री आणली जातात. या प्रकाराला अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे. पण दरवर्षी देवासमोर आपली असमर्थता कबूल करणारे आणि तरीही वचन देणारे गाव एरवी कुठे दिसते?

डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई दुसऱ्या वाटेने जाते. तिचे रूप कलशाचे आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला व्रतस्थ धोंड हातात गोंड्यांची बेतकाठी घेऊन, गळ्यात मोगऱ्याचे हार घालून जमतात आणि रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जातात. धोंड होण्याला जातीची अट नाही. व्रत पाळावे लागते एवढेच. लोककथेत ती सात बहिणींपैकी एक: मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, खेतोबा भाऊ. आणखी एक बहीण मीराबाय म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली. म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधल्या तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात, आणि दोन बहिणींमध्ये तेल आणि मोगऱ्याची देवाणघेवाण चालते असे लोक सांगतात. पंडितांना यात ‘समन्वय’ दिसतो. गावाच्या लेखी ते नाते आहे, आणि नात्यात बहिणीने धर्म बदलला म्हणून तिची ओटी थांबत नाही.

त्याच शिरगावच्या डोंगरांत लोहखनिजाच्या खाणी खोदल्या गेल्या, विहिरी आटल्या, शेते गाळाने भरली. भूमातेच्या पूजेने भूमी वाचवली नाही, हे भक्तिभावाने लिहिणारे सहसा वगळतात.

डिचोलीतल्याच साळ गावात होळीच्या वेळी तीन रात्री गडे निघतात. अंगात भार आलेले पुरुष काळोखात देवचाराच्या मशालीमागे धावतात, मसणवटीपर्यंत जातात. काही गडे नाहीसे होतात आणि नंतर शोधून आणले जातात. पाहणाऱ्यांत मोबाइल उंचावलेले असंख्य असतात. खेळ मात्र त्यांच्यासाठी थांबत नाही.

अलीकडे पेडणे आणि डिचोलीतली जुनी देवळे भराभर नवी होत आहेत. स्लॅब पडतो, ग्रॅनाइट बसतो, कलशारोहणाला पुरोहित बाहेरून येतात, बळीच्या कोंबड्याऐवजी कोहळा फुटतो. ठराव समिती करते, वर्गणी मुंबईहून आणि आखातातून येते, नकाशा वास्तुविशारद काढतो. फक्त रोयणीला हात लावायचा का, हे कोणाच्या सहीने ठरत नाही. त्यासाठी अजूनही देवीला पाकळ्या लावून कौल घेतात, आणि उजवी पाकळी पडेपर्यंत गवंडी बाहेर बसून राहतात.